आबांची ओळ

प्रिय आई, तुला आणि धाकट्या अनुग्रहला ख्रिस्तात सलाम.

मी बरी आहे. जर्मनीत थंडी लई आहे, पण तू विणलेला स्वेटर ऊब देतो. औरंगपुऱ्यातून आणलेला काळा मसालाही अजून पुरतोय.

"बायबलातल्या पौलाच्या पत्रांत खोट काढायला एवढ्या लांब गेलीस का?" असं तू विचारलंस. खोट नाही गं. लिहिता लिहिता मध्येच पौलाची लय बदलते, एरवी तो वापरत नाही असे शब्द येतात. तिथं आमचे सर थांबायला लावतात. म्हणतात, हे त्याच्याही आधीचं असणार, पहिल्या ख्रिस्ती मंडळीच्या तोंडी असलेलं, त्यानं जपून पुढं दिलेलं.

काल तुझं पत्र वाचताना मी अशीच थांबले. सगळं पत्र तुझं, शाळेतल्या बाईंचं, नीटनेटकं. मध्येच एक ओळ: "हाडं बोलत्यात, पण म्या ऐकत नाय."

ही ओळ तुझी नाही, आई. ही तुझ्या वडिलांची, पैठणच्या आबांची. शेवटच्या वर्षी हातमागावर बसताना ते हेच म्हणायचे, आणि आपण सगळे हसायचो.

अनुग्रह गाडी हळू चालवतो ना? उद्याच त्याच्या मागं बसून दवाखान्यात जा. या वेळी मी हसले नाही.

तुझी,
शलोमी