बाराशेला तीन सीसी कमी

४ जुलै २०२५, शुक्रवार. सकाळी ९
नवी वही. हेतू निव्वळ टेक्निकल. रडगाणं लिहायचं नाही.
अण्णांना, माझ्या थोरल्या भावाला, जाऊन आज चार आठवडे. छातीत कळ आली म्हणून भालकीहून बिदरला मीच नेलं. चाळीस किलोमीटर. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाही. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणायला हवं होतं.
कारण उघड आहे. नव्या गाडीचं इंजिन ११९७ सीसी. दोषी: कंपनी.
संकल्प: स्पोर्ट्स कारला दोन, तीन, चार लिटरचं इंजिन आणि आपल्याला हे असलं कामून, याचा महिनाभरात छडा लावणार.

७ जुलै. दुकानात
प्रगती जोरात. एका सिलिंडरला साधारण अर्धा लिटर असलं की पेट्रोल नीट जळतं. म्हणून चारचे दोन लिटर, सहाचे तीन, आठचे चार. समजलं. पण मग १९९८ का? वरचे दोन सीसी कुणासाठी सोडले?
आधारची झेरॉक्स काढायला आलेला राजेश्वर गावचा माणूस वाट बघून निघून गेला. अभ्यासात असं चालायचंच.

१० जुलै
सापडलं! बऱ्याच देशांत दोन हजार सीसीच्या वर टॅक्स वाढतो. रेसमधले गटही असेच ठरलेले. म्हणून सगळे रेघेच्या अलीकडे थांबतात. आपल्याकडे लहान गाडीला रेघ बाराशेची. म्हणून ११९७.
संताप झाला. कुणीतरी कागदावर रेघ ओढायची आणि शिकलेल्या लोकांनी तिला एवढं भ्यायचं? गाडीत माणूस तडफडतोय आणि हे रेघ बघतायत!

१४ जुलै
औरादच्या रस्त्याला एकटाच होतो. डावीकडच्या सीटचा बेल्ट लावला नाही म्हणून गाडी टुणटुण करू लागली. सीट रिकामी. पिशवीसुद्धा नव्हती. तोंडातून निघून गेलं, अण्णा, बेल्ट लावा.
मेकॅनिक जगदेवप्पा म्हणाला, सेन्सर गेलाय मालक, तुमी कामून घाबरायलाव? मी घाबरलेलो नाही. नवा सेन्सर आठवड्यानं येणार. तोवर रिकाम्या सीटला बेल्ट लावून ठेवलाय. बायको, शैलश्री, आता पुढं बसत नाही.

१९ जुलै
सेन्सर बदलला. तरी वाजतंय.
एसी लावला की अण्णांच्या विभूतीचा वास येतो. शैलश्री म्हणते, मला तर कसलाच वास यिना. बायकांचं नाक कच्चं असतं.
संकल्प: ही गाडी काढून टाकायची. हैदराबादेत सेकंडहँड दोन लिटरची स्पोर्ट्स कार बघून ठेवली. मग बिदरपर्यंतचे स्पीडब्रेकर मोजून आलो. एकतीस. असल्या गाडीचं पोट पहिल्यालाच घासेल. संकल्प तूर्त स्थगित.

२६ जुलै
कंपनीला ईमेल धाडला, अडीच पानी. शेवटी सरळ विचारलं, तीन सीसी वाचवून तुम्ही काय मिळवलं? मिनिटात उत्तर आलं: आमच्या परिवारात सामील झाल्याबद्दल धन्यवाद, आपला प्रवास सुखाचा होवो.
लेखी कबुलीजबाब घेतल्याशिवाय सोडणार नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार. दुपारी
हिशेब पूर्ण. निघालो बाराला. ११९७ सीसी: बावन्न मिनिटं. दोन लिटर: बेचाळीस. चार लिटर: छत्तीस. म्हणजे सगळ्यात दांडग्या इंजिनानंसुद्धा सोळाच मिनिटं वाचतात. डॉक्टरांचा तास काही भरत नाही. कुठंतरी बारीक चूक असणार. तरी कागद घेऊन मल्लेश्वरी वहिनींकडे गेलो. कंपनीचा गुन्हा त्यांना कळायलाच हवा.
वहिनींनी कागद शांतपणे वाचला. बाराच्या आकड्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, भावजी, हे तर साडेधालाच गाडीत बसलते की. मग म्हणाल्या, हात धुवा, ताट करते.

त्याच दिवशी. ४ वाजता
लिहून टाकतो.
६ जून, शुक्रवार. साडेदहा ते बारा राहुकाळ. गाडी बुधवारी आलेली, पहिलाच लांबचा प्रवास. मी म्हणालो, बाराला निघू, जळजळच आहे ती, दीड तासानं काय होतंय. अण्णा हसले. म्हणाले, आरं आपण बसवण्णांची माणसं, आपल्याला कसला राहुकाळ? पण धाकट्याची हौस म्हणून गाडीत बसून राहिले. मी फाटकापाशी उभा राहून मोबाईलवर वेळ बघत होतो. काचेतून त्यांनी दोनदा माझ्याकडे बघितलं. मी हातानंच थांबा म्हटलं.
आत उकडू नये म्हणून एसी लावून दिला होता. इंजिन दीड तास चालू होतं. चार लिटरचं असतं तरी गाडी दारातच उभी राहिली असती. अण्णांना मी थांबवलं.