आईचं बटण आणि घरातली बाकीची यंत्रं

तीर्थस्वरूप ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, ते आधी कळव. भावोजींचं पित्त त्यांच्या मतांइतकंच जोरात असेल, असं धरून चालतो. आम्ही इकडे ठीक.

परवा फोनवर तू सरळच विचारलंस: आईचं तुझ्याकडे नीट होतंय का, की मी येऊन तिला घेऊन जाऊ? मी उत्तराला सुरुवात केली आणि तू गॅस बंद करायला गेलीस ती गेलीसच. म्हणून लिहितोय. लिहिणाऱ्या माणसाला मध्येच तोडता येत नाही.

तुला माहीत आहे, माझं मोटारी दुरुस्त करायचं काम माडीवर चालतं आणि आई खाली मागच्या खोलीत असते. मोटार तपासायला लावली की माडीवर स्वतःचा खोकलाही ऐकू येत नाही, तिथे आईची हाक कुठली? तिचं खुब्याचं हाड सांधल्यापासून तिने एकटीने उठायचं नाही, हे डॉक्टरांनी बजावलेलं. तेव्हा मी तिच्या उशाशी एक बटण बसवलं. ते दाबलं की माझ्या टेबलावर लाल दिवा लागतो. खुबी अशी, की यासाठी नवी वायर एक वीतभरसुद्धा ओढलेली नाही. घरात विजेच्या तारा आहेतच. बटणाचा बारीकसा निरोप त्याच तारांतून वर येतो. (भावोजी म्हणतील, हे बाजारात तयार मिळतं. मिळतं. पण ते उघडून, समजून घेऊन, पुन्हा बंद करणारा बाजारात मिळत नाही. मी हे सगळं पुस्तकं वाचून आणि दोनचार वेळा झटके खाऊन शिकलोय. भावोजींकडे पदवी आहे आणि त्यांच्या घरची बेल अजून बंद आहे.)

पण ताई, घरातली यंत्रं एकमेकांशी जावांसारखी वागतात. काही नुसती आरडाओरडा करतात. मिक्सर त्यातला. तो फिरला की तारांत असा कल्लोळ उठतो, की माझ्या दिव्याला वाटतं आईच बोलावतेय. मी जिना उतरून धापा टाकत हजर, तर आई झोपलेली आणि आमची ही स्वयंपाकघरात चटणी वाटतेय. दुसरी जात गिळणाऱ्यांची. टीव्हीच घे. तारेतून येणारी घाण आत शिरू नये म्हणून त्याच्या दाराशी एक भाग बसवलेला असतो, आणि तो शहाणा आईचा निरोपही घाण समजून गट्ट करतो.

मी घरातलं प्रत्येक यंत्र काढून, एकेक करत परत लावून तपासलं. फ्रीजमधलं दूध नासलं. ही म्हणाली, "घर आहे की तुमचं टेबल?" मी तिकडे लक्ष दिलं नाही. टीव्हीला आणि फ्रीजला निरोप वाचवणारे फिल्टर लावले. मिक्सरलाही लावणार होतो, पण ही त्याला हात लावू देईना. मग दिवा मिक्सरला भुलू नये म्हणून मी त्याच्या डबीतला स्क्रू जरासा पिळला, आणि काय सांगू, गुण आला. त्यानंतर दिवा लागला आणि मी खाली गेलो, की आईला खरंच काहीतरी हवं असायचं. कधी चष्मा, कधी पाठीला उशी, कधी नुसतं कूस बदलून. एकदाही खोटा लागला नाही. माझी मान किती ताठ झाली असेल, तुला कल्पना आहेच.

गेल्या आठवड्यात ही दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. मी सहज पाणी प्यायला खाली उतरलो, तर आई बोळात. भिंतीला दोन्ही हात टेकून उभी, पाय थरथरताहेत.

"बटण का नाही दाबलंस?"

"दाबलं की. मग पुन्हा दाबलं. वाटलं, कामात असशील."

तिला निजवून मी बटण तपासलं. बंद. मग नजर गेली तिच्या कमरेखाली. तू पाठवलेली ती शेकायची विजेची गादी, बटणाशेजारच्याच प्लगमध्ये. ती काढली, बटण चालू. लावली, बटण ठार. गिळणाऱ्यांची महाराणी. गादीला मी यंत्रांत मोजलंच नव्हतं; बटण नेहमी ती बंद असताना तपासलेलं. म्हणजे बघ, कंबर दुखली की आई गादी लावणार, आणि दुखत असतानाच तिला कुणीतरी हवं असणार. पाऊस आला की मिटणारी छत्री केली मी.

तुला दोष देत नाही. गादी मायेने पाठवलीस. माझ्या मनातून जात नाहीये ती गादी नव्हेच, ते आईचं 'कामात असशील' हे वाक्य. निरोप पोचला नाही तर मी पन्नास कारणं शोधतो, ताराच उचकटतो. तिने मात्र उत्तर आलं नाही हेच उत्तर धरलं आणि भिंत धरून निघाली. असं तिने आजवर किती वेळा धरलं असेल, कोण जाणे.

तेव्हा तुझ्या प्रश्नाला, सगळं नीट चाललंय, असं मी छातीठोक लिहू शकत नाही. पण तिला नेऊ नकोस. एवढंच.

तुझा,
धाकटा

ता. क. गादी परत पाठवतोय. तिच्याऐवजी गरम पाण्याची साधी रबरी पिशवी पाठव. तिला प्लग नसतो.

ता. क. हिने पत्र वाचलं आणि पदर तोंडाला लावून हसत बसली. म्हणते, गादी दिवसभर लावलेलीच असायची, तुमचं ते बटण चाललंय कधी? आई हिला हाक मारायची आणि ही रिकामा मिक्सर फिरवायची. मी माडीवरून उतरेपर्यंत बंद करायची. खरी चटणी मी जेवायला खाली असलो तरच वाटायची. स्क्रूचं श्रेय मी मागे घेतो. भावोजींना हा ता. क. वाचून दाखवू नकोस.

ता. क. खरं काम हे. "त्याला कामात त्रास देऊ नको," असं तू मागे इथून जाताना आईला सांगितलं होतंस म्हणे. ती ते अजून पाळतेय. आता तूच फोन करून सांग, की दे त्रास. माझं ती ऐकत नाही, थोरल्या लेकीचं ऐकते. मिक्सरला मी फिल्टर लावणार नाही. आत्ताच खाली फिरतोय, दिवा लागलाय. जातो.