पिकअप, पाट्याचे जादा पान आणि अकरा आरसे

"काच आपोआप फुटत नाही, कुणीतरी ती फोडतं." अठरा वर्षांपूर्वी एका दुपारी आमचे वडील दुकानाच्या दारात माझ्या थोरल्या भावाला हे वाक्य म्हणाले. आवाज चढवला नव्हता. मी आत टेबलापाशी उभी होते, हातात काच कापायची हिरकणी होती, आणि मी काही बोलले नाही. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असे वकीलबाई म्हणतात. पण ज्या गोष्टीसाठी मी कागद घेऊन बसले, ती आधी यायला हवी.

तर मी, वय पंचेचाळीस, धंदा काचेचा, अविवाहित, बाजारात 'काचताई' म्हणून ओळखली जाणारी, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप तेवढी ठिकाणावर नाही. ती नीट मिटत नाही, आणि येत्या सोमवारी ती बदलायची आहे. डॉक्टरीणबाईंनी ती पडद्यावर दाखवली तेव्हा मी इतके प्रश्न विचारले की त्या म्हणाल्या, "तुम्हाला भीती वाटत नाही का हो?" वाटते. पण उघडमीट करणारी कुठलीही वस्तू समोर आली की ती कशी चालते हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. हे मृत्युपत्र मी कोणाच्या दबावाखाली केलेले नाही. करू नये म्हणून मात्र दबाव आला: वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि चहाचा कप टेबलावर आपटत राहिली.

कलम एक. दुकानावरच्या माझ्या दोन खोल्या वहिनीला, तिच्या एकटीच्या नावावर. दादा म्हणेल, भाड्याने देऊ. देऊ नये. वहिनीने या घरात आजवर स्वतःचे दार लावून घेतलेले नाही, कारण तिच्या वाट्याच्या खोलीत सगळ्यांचीच ये-जा असते. पूर्वेकडच्या खोलीत दिवसभर उजेड असतो. तिथे तिने शिवणयंत्र ठेवावे, नाहीतर नुसते बसून राहावे.

कलम दोन. बँकेत जे असेल त्यातून आधी रुग्णालय, मग उरले तर तेही वहिनीचे. याहून जास्त यात लिहिण्यासारखे नाही.

कलम तीन. माझी हिरकणी, फूटपट्ट्या आणि काच उचलायचे रबरी पेले दुकानातल्या कारागिराला. तो माझ्यापेक्षा सरळ कापतो. हे मी त्याला कधी सांगितले नाही, आता कागदावर सांगते.

कलम चार. नाक्यावर गाड्या सजवायचे दुकान आहे. त्याच्या मालकाला आम्ही 'फॅशनवाला' म्हणतो. त्याला माझ्याकडून रिव्हर्सचा कॅमेरा परत द्यावा. तो बसवल्या दिवसापासून डावीकडची भिंत उजवीकडे दाखवतो. तक्रार केली तर म्हणाला, "ताई, सवय होईल. आरशात नाही का आपण उलटे दिसत?" आरशांच्या धंद्यातल्या बाईला हे ऐकवणाऱ्याच्या हिमतीचे मला कौतुक आहे, पण कॅमेरा परत. पुढचा चकाकता गार्डही त्याने गळ्यात मारला. त्यामुळे गाडी रागावल्यासारखी दिसते आणि पुढून जड होते. निळे दिवे मी काढून टाकले. चार सुरांचा हॉर्न एकदाच वाजवला. समोरचा सायकलवाला हसता हसता पडला, म्हणून तोही काढला. मागच्या हौद्यातले रबरी अस्तर मात्र त्याने चांगले दिले. अन्याय नको, म्हणून तेही नोंदवते.

कलम पाच, पिकअपबद्दल. वय एकवीस वर्षे, रंग मूळचा पांढरा. वडिलांनी घेतली, त्यांच्या माघारी माझ्या नावावर झाली. कागद करताना दादा म्हणाला होता, "तूच घे. मला ती बघवत नाही." ही पिकअप मी दादाला देते. वहिनीला नाही, कारागिराला नाही, विकायलाही नाही. कारण कलम सहामध्ये आहे. आधी गाडीचे स्वभाव लिहिते, म्हणजे चालवणाऱ्याला उगाच धसका बसणार नाही.

सकाळी पहिल्यांदा सुरू करताना ती खोकते. ॲक्सिलरेटर दाबायचा नाही, तिला तिचे तिचे खोकून होऊ द्यायचे. तिसऱ्या गिअरवर उतारात हात ठेवावा लागतो, नाहीतर तो सुटून बाहेर येतो. डिझेलचा काटा अर्ध्यावर अडकलेला आहे. टाकी भरली की किलोमीटरचा आकडा वहीत लिहायचा आणि वहीवर विश्वास ठेवायचा. इंडिकेटर भराभर मिचकायला लागला तर त्या बाजूचा एक दिवा गेला असे समजावे. मागचे फळके बंद करताना आधी वर उचलून मग ढकलायचे. नुसते ढकलले तर ते लागल्यासारखे वाटते आणि पहिल्या वळणावर खाली येते. स्टिअरिंग थरथरते ते साठ ते सत्तरच्या दरम्यान. साठच्या आत राहा. काचा घेऊन जाणाऱ्याला सत्तरची गरज नसते.

एक आवाज आजवर सापडलेला नाही. गाडी रिकामी असताना, डावीकडे वळताना, मागून एकदाच 'टक्' येतो. माल भरला की येत नाही. गॅरेजच्या मिस्तरीने झडझडून शोधले. मी स्वतः हौद्यात आडवी पडून, कान पत्र्याला लावून, त्याला मैदानात गाडी गोल गोल फिरवायला लावली. मिस्तरी म्हणाला, "ताई, काही नाही हो. तुम्हालाच ऐकू येतं." मग एक दिवस त्यालाही ऐकू आला आणि त्याचे जेवण गेले. मी वाचले नाही तर त्याने शोध चालू ठेवावा. मला उत्तर कळणार नाही, हे या सगळ्यात मला सर्वात जास्त खटकते.

कलम सहा. हे लिहिताना मी तीन कागद फाडले.

काच आडवी नेत नाहीत, उभी नेतात. आमच्या हौद्यात लोखंडी घोडी आहे. तिला काचा दोन्ही बाजूंनी टेकवून, मध्ये नमदा, म्हणजे जाड लोकरी कापड, घालून, पट्ट्याने आवळतात. ही घोडी दादाने स्वतः आखली आणि वेल्डरकडून करून घेतली. तेव्हा गाडी तोच चालवायचा. त्याच्यासारखी गाडी चालवलेली मी पाहिलेली नाही. वळणावर पेल्यातले पाणी हलू नये, अशी चालवायचा. वडील कोणाचेच कौतुक करत नसत, पण गिऱ्हाइकाला सांगायचे, "माल माझा मुलगा आणेल, तुम्ही चौकटी तयार ठेवा."

जाड काचा भरल्या की गाडी मागून बसायची आणि पुढचे दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडायचे. मला ते बघून खुमखुमी यायची की यावर काहीतरी उपाय असणार. दादा दोन दिवस खिडक्यांची मापे घ्यायला गेला होता. मी गाडी फॅशनवाल्याकडे नेली. मागच्या चाकांवर पोलादी पानांची कमान असते, तिला आम्ही पाटा म्हणतो. तो म्हणाला, "दोन्हीकडे एकेक जादं पान टाकू. गाडी ताठ उभी राहील, बघाच." मी बघितले. गाडी ताठ उभी राहिली. मी खूश झाले आणि दादाला चकित करायचे म्हणून काही सांगितले नाही.

जादा पानाचा पाटा जड मालासाठी चांगला असतो. हलका माल असला तर तो लवतच नाही. प्रत्येक खड्डा जसाच्या तसा वर पाठवतो. हे मला तेव्हा माहीत नव्हते. दादाने तिसऱ्या दिवशी केशकर्तनालयासाठी अकरा आरसे भरले. पातळ काच, हलका माल. रोजच्याच गतिरोधकावरून तो रोजच्याच वेगाने गेला, आणि गाडी उडाली. सात आरसे फुटले. उरलेले चार त्याने कोणाला हात न लावू देता एकेक करून उतरवले, हे मी पाहिले. आणि मग वडील ते वाक्य बोलले.

दादा एवढेच म्हणाला, "मी हळूच घेतली होती." कोणी मानले नाही. मला संशय आला होता. पण संशय म्हणजे खात्री नव्हे, असे मी स्वतःला तीन आठवडे सांगितले. वडिलांनी दादाकडून किल्ली काढून माझ्या हातात दिली होती ना. मग मीच हलका माल घेऊन त्या गतिरोधकावरून गेले, आणि माझे डोके छताला आपटले. त्याच दुपारी मी दोन्ही पाने काढून घेतली. त्या वेळी घरी येऊन सांगता आले असते. पण सांगितले तर किल्ली परत द्यावी लागेल, आणि मला गाडी चालवायला फार आवडू लागले होते. याहून मोठे कारण मी खूप शोधले. नाही सापडले.

तेव्हापासून दादा गल्ल्यावर बसतो. कोणाच्याच गाडीच्या स्टिअरिंगला त्याने हात लावलेला नाही. वहिनी थट्टेत म्हणते, "यांना रिक्षात बसवलं तरी पायाने ब्रेक शोधतात." तो हसतो. वडील गेले तेही मुलाचा हात जड आहे असे समजूनच गेले. ते आता मला दुरुस्त करता येत नाही.

म्हणून लिहून ठेवते: ते आरसे दादाने फोडले नाहीत. ते मी टाकलेल्या पानांनी फोडले, आणि मी तोंड मिटून बसले. ती दोन पाने जिन्याखाली पोत्यात गुंडाळून ठेवली आहेत. मिस्तरीला दाखवावीत, तो खात्री देईल. ती पानेही दादाला.

मृत्युपत्र संपले. आधी कधी काही लिहिले असल्यास ते रद्द.

सही करणारी: काचताई (सही)

साक्षीदार पहिला: गॅरेजचा मिस्तरी (सही). त्याने कलम सहा दोनदा वाचले आणि म्हणाला, "अठरा वर्षं, ताई?" मी हो म्हटले. मग त्याने हात पुसून सही केली.

साक्षीदार दुसरी: डॉक्टरीणबाई (सही). सही करणारी शुद्धीवर आहे आणि प्रश्न फार विचारते, असे त्यांनी तोंडी सांगितले.

स्थळ: दुकानाच्या मागची खोली. दिनांक: चौदा जून, गुरुवार, सकाळी साडेअकरा.

सह्यांच्या खाली लिहिलेले कायद्यात धरत नाहीत, असे वकीलबाईंनी बजावले आहे. म्हणूनच पुढचे इथे लिहिते. हा हुकूम नाही.

दादा, हे पाकीट मी गेल्यावर उघडायचे, असा रिवाज आहे. पण मेलेल्या माणसावर चिडताही येत नाही, आणि तुला माझ्यावर चिडायचा हक्क आहे. म्हणून एक प्रत आज जेवणाच्या सुट्टीत तुझ्या गल्ल्यावर ठेवते आहे. वाचून तू काय करशील याचा मी आठवडाभर विचार करते आहे आणि मला खरोखर सांगता येत नाही. तू ओरडशील का? गप्प बसशील का? तू गप्प बसतोस तेव्हा मी घाबरते.

सोमवारी सकाळी सातला मला दाखल व्हायचे आहे. वहिनीने टॅक्सी सांगितली आहे. तू म्हणशील, "वेड लागलंय का तुला, या वयात, अशा दिवशी?" म्हणशील, हातात दम राहिला नाही, डोळे पूर्वीसारखे नाहीत, आणि ऑपरेशनला निघालेल्या माणसाला कोणी पिकअपमधून नेतं का. सगळे खरे आहे, आणि तू नाहीच म्हणणार. तरी विचारते. टॅक्सी रद्द कर, मला तूच घेऊन चल, आणि गाडी तू चालव.