माऊसशिवाय

३ नोव्हेंबर, सोमवार
डॉक्टरांनी उजवा हात जरासा बाजूला नेला आणि मी कळवळले. खांदा आखडलाय. सुटायला वर्ष लागेल, कदाचित जास्तही. माऊस बंद. कोपर अंगाला चिकटून राहील एवढंच काम करायचं. म्हणजे कीबोर्ड मांडीवर घेतला तर चालेल, हात लांब करायचा नाही. डाव्या हातानं माऊस धरून पाहिला. अख्खी सकाळ गेली, काम शून्य.

४ नोव्हें.
निखिलला सांगितलं. माझा मॅनेजर, वयानं बराच लहान, वागायला चांगला. म्हणूनच जास्त राग आला. म्हणे प्रोग्रॅमिंग सोडा, कोऑर्डिनेशन घ्या, फोन आणि मीटिंगा, हाताला आराम. इतकी वर्षं कारखान्यातल्या मशिनींचे प्रोग्रॅम लिहिले, आणि आता लोकांना 'मेल पोचला का' विचारत बसू? विचार करून सांगते म्हटलं. जिना उतरेपर्यंत विचार झाला. नाही.

घरी शेखर त्याच्याच बाजूचा. तब्येतीपुढे नोकरी काय, म्हणाला. नवऱ्याचं बरोबर आहे. तरी नाही.

६ नोव्हें.
व्हिम उघडला. माऊस लागतच नाही असा एडिटर. आमच्या सगळ्या सर्व्हरवर असतो, मी आजवर टाळत आले. काळा पडदा. टाईप करायला गेले तर अक्षरं उमटेनात, कर्सर भलतीकडे उड्या मारतोय. बाहेर कसं पडायचं तेही कळेना. शेवटी लॅपटॉपच बंद केला. मग स्वतःवरच चिडून पुन्हा चालू केला.

८ नोव्हें., शनि.
व्हिमबरोबरच एक शिकवणी येते. वाचायचं, तिथंच करून बघायचं. त्यातून एवढं कळलं: उघडल्यावर तो लिहायला बसलेला नसतो, हुकुमाची वाट बघत असतो. 'आय' दाबलं की लिहा. एस्केप दाबलं की परत हुकूम. चुकलं तर 'यू', केलेलं मागे. फाईल ठेवून बाहेर पडायचं तर कोलन, डब्ल्यू, क्यू. एवढ्यावर आठवडा काढायचा. नेटवर लोक सगळ्या चाव्यांचे तक्ते टाकतात, पहिल्या दिवसापासून एडिटरची रंगरंगोटी करतात. आपल्याला नको.

९ नोव्हें., कुसगाव
आईकडे. माझा हात मागे जात नाही हे तिनं न सांगता ओळखलं. मला पुढ्यात बसवून वेणी घातली. सत्तेचाळिसाव्या वर्षी. मी मांडीवर कीबोर्ड घेऊन सराव करत होते, ती केस ओढत होती. म्हणाली, दुखतंय तर सोडून दे. मग जरा वेळानं, "तू सोडणार न्हाईस म्हना." दोघी हसलो. डोळ्यात पाणी आलं, केस ओढल्यामुळे असेल.

११ नोव्हें.
मीनल जेवणाच्या सुट्टीत येऊन बसली. परंदवडीची, गेल्या वर्षी आमच्या टीममध्ये लागली. तिलाही शिकायचंय, काळ्या पडद्याची भीती वाटते म्हणाली. मलाही, म्हटलं. आता दोघी शिकतोय. डबा एका बाजूला, एक टाकाऊ फाईल समोर. बाणांच्या चाव्यांकडे हात जाऊ द्यायचा नाही, कर्सरनं एच-जे-के-एल या चाव्यांवरच चालायचं. लहान मूल पाय टाकतं तसं.

१३ नोव्हें.
आज उजेड पडला. चाव्या पाठ करायच्याच नाहीत, त्याला व्याकरण आहे. 'डी' म्हणजे खोड, 'डब्ल्यू' म्हणजे शब्द. डी-डब्ल्यू: खोड शब्द. आपण आधी 'शब्द' म्हणतो, मग 'खोड'. इथं क्रियापद आधी. चार क्रियापदं आणि चार नामं आली की वाक्यं आपली आपणच करायची. मीनलला सांगितलं, ती म्हणाली, "म्हंजे ही भाषाच हाय की, ताई." मला दिवसभर ते पुरलं.

१४ नोव्हें., शुक्र.
वाईट दिवस. लिहिण्याच्या मोडमध्ये आहे समजून खऱ्या फाईलमध्ये टाईप करत गेले. नव्हते. अक्षरांचे हुकूम झाले, मधल्या ओळी गेल्या, मी न बघता सेव्ह करून बाहेर. मशिनीची चाचणी दुपारभर अडली. जुनी प्रत होती म्हणून वाचलो. निखिल उभा राहून बघत होता.

१५ नोव्हें.
सोडू का? लिहून पाहिलं, कसं दिसतं ते. वाईट दिसतं. नियम: हात ठेवण्याआधी एस्केप. नजर खाली डाव्या कोपऱ्यात, मोड तिथं लिहिलेला असतो. सेव्ह करण्याआधी काय बदललं ते बघायचं. खरी फाईल सध्या नाही.

१७ नोव्हें., सोम.
निखिलनं बोलावलं. महिनाअखेरपर्यंत कोऑर्डिनेशन घ्या, नाहीतर तो वरच्यांना कळवेल की काम झेपत नाही. 'झेपत नाही' हा शब्द त्यानं हळू आवाजात उच्चारला. शेखरला सांगितलं. त्यानं उशी आणून कोपराखाली ठेवली. बाजू बदलली बहुतेक.

१९ नोव्हें.
मीनल जेवली नाही. मग म्हणाली, "ताई, सर तुमचं काम मला द्यायचं म्हनत्यात. मी अजून हो म्हनले न्हाई."
मी म्हटलं, घे.
"आन् तुमी?"
"मी उठतेय कुठं? दोघींना पुरेल इतकं काम आहे. त्यांना एक खुर्ची वाढवायला सांग."
बोलताना आवाज ठीक होता. घरी येताना स्टेशनजवळ स्कूटर थांबवून शेखर म्हणाला, रडतेयस का. वारा, म्हटलं.

२१ नोव्हें.
मीनलनं निखिलला हेच सांगितलं. ताईंबरोबर बसेन, ताईंच्या जागी न्हाई. तिला अजून कायम केलेलं नाही. हे मला जमलं नसतं तिच्या वयात. आता तिच्या नोकरीचीही भीती वाटते.

२४ नोव्हें., सोम.
इतके दिवस अडकलेलं माझं काम उचललं, खरी फाईल. कोपर अंगाशी. एस्केप, कोपऱ्यात नजर. एक दुरुस्ती, मग टिंब दाबलं की तीच दुरुस्ती पुढच्या ठिकाणी. अजून जुन्या वेगाचा निम्माही नाही माझा. पण ओळ न् ओळ तपासली, चाचणी पास. वळले तर निखिल मागे उभा, किती वेळ कोण जाणे. काय ठरवलंत, विचारलं त्यानं.
"माझं ठरलंय. तुमचं सांगा."
त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग मीनलकडे. उद्या वरच्यांशी बोलतो म्हणाला. काय बोलणार ते नाही सांगितलं.
मी पुढची फाईल उघडली.