उठवू नये

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग काही उतरत नाही. सरळ तोंडानं सांगता येत नव्हतं का हो? चित्रकलेचे मास्तर तुम्ही, अर्ध्या शनिवार पेठेच्या पाट्या तुमच्या हातच्या. ‘गाडी लावू नये’, ‘बेल एकदाच वाजवावी’. लॉकडाऊन लागलं तेव्हा वारज्याला माझ्याकडे आणलं तुम्हाला, जपायला म्हणून. आणि जपलंच की! पेपर बंद, खाली उतरणं बंद, कट्ट्यावरच्या मित्रांना भेटणं तर सोडाच. "मी काय लोणचं आहे, बरणीत घालून ठेवायला?" असं पहिल्या महिन्यात म्हणालात. पुढे तेही म्हणेनासे झालात.

मग दाढी करणं थांबलं. जेवण अर्ध्या पोळीवर आलं. विचारलं की एकच उत्तर, "बरा आहे." ताप नाही, खोकला नाही, तपासणी निगेटिव्ह आली, म्हणून मी शिरा केला. मूर्खच मी! तुम्ही तो चमच्यानं नुसता इकडून तिकडे करत बसलात.

एका सकाळी तुमच्या खोलीच्या दारावर पुठ्ठ्याची पाटी: ‘उठवू नये. उठून काही काम नाही.’ आम्ही पोट धरधरून हसलो. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. "अण्णा फॉर्मात!" दादानं अमेरिकेतून लिहिलं. अहो, दुसऱ्या कुठल्या गावात कोणी असं लिहिलं असतं, तर घरचं माणूस दार उघडून आत गेलं असतं. पुण्यात वाहवा मिळते. शेवटी डॉक्टरांकडे नेलं तेव्हा ते म्हणाले, "हे नैराश्य आहे. फार उशिरा आणलंत." त्यांनी दिलेल्या गोळ्यासुद्धा तुम्ही थुंकून टाकत होतात.

मी दहा वर्षांची असताना तुम्ही माझ्या हातातला ब्रश काढून घेतला होता. "शिरोरेषा वाकडी आली म्हणजे काहीतरी बिनसलंय. काय झालं ते आधी सांग, मग रंगव." मैत्रीण बोलत नाही म्हणून मी रडले होते. तुम्ही रंगाच्या डब्या बाजूला सारून सगळं ऐकून घेतलंत.

हे पत्र आता कुठं टाकणार? पाटी कपाटात आहे, तिच्याखालीच ठेवते. एक मात्र सांगायचं राहिलं, अण्णा. त्या पाटीवरची शिरोरेषा वाकडी होती. फोटो काढताना मला ती दिसली होती.