उलट्या बाजूचा रणगाडा

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर भाऊजींच्या हाताचं विचारलं की तू घाईघाईने बरं आहे म्हणतेस आणि लगेच तुझ्या भावजयीच्या गुडघ्यांवर घसरतेस. म्हणजे ते शेजारच्या खुर्चीत बसलेले असणार, एवढं मलाही कळतं. तेव्हा खरं काय ते कागदावर कळव.

माझं म्हणशील तर निवृत्त माणसाने जे करू नये ते सगळं करतोय. चौतीस वर्षं दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या घडवल्या, आता युद्धातले रणगाडे घडवतो, बोटभर लांबीचे. आधी संगणकावर आराखडा काढायचा, मग तो छपाईयंत्रात घालायचा. तिथे राळेचा एकेक थर प्रकाशाने घट्ट होत रात्रभरात रणगाडा उभा राहतो. मग त्याला धुवा, वाळवा, घासा आणि रंगवा. कामात फारसा फरक नाही, फक्त हे कोणाच्या हिरड्यांना टोचत नाहीत. घरी कोणी आलं की तुझी भावजय सांगते, हे लढाईवर आहेत, चहाला येतील.

दर शनिवारी सायकलच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही पाच-सहा पोक्त गृहस्थ टेबलावर कापडाच्या टेकड्या मांडतो आणि अंतर मोजायची टेप व फासे घेऊन युद्ध करतो. परवा चष्म्याच्या दुकानदाराने माझे बारा रणगाडे पाऊण तासात झोपवले. ते दिसायला सर्वांत देखणे होते, हे त्यानेही कबूल केलं. त्यांना चिखल माखण्यात मी तीन आठवडे घालवले होते, त्यामुळे डावपेच ठरवायला वेळच उरला नाही.

लोभ आहेच, माझ्या गुणांमुळे तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझा
धाकटा


दि. ११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अ. उ. आ.

खरं विचारलंस म्हणून खरं लिहिते. डावा हात होता तिथेच आहे. डॉक्टर म्हणाले होते, अर्धांगाच्या झटक्यानंतरचे पहिले सहा महिने महत्त्वाचे, हात जेवढा हलता होईल तेवढा त्यात करून घ्या, पुढे फार अवघड जातं. त्यातले तीन गेले. व्यायामवाली मुलगी आठवड्यातून दोनदा येते. तिने दाबायला स्पंजचा चेंडू दिला, तो ह्यांनी पहिल्याच दिवशी खिडकीबाहेर भिरकावला, तोही उजव्या हाताने. जन्माचे डावखुरे, सही, सुरी, पाना सगळं डाव्यानेच चालायचं. ती म्हणते, हातात जीव आहे, पण माणसाच्या मनात यायला हवं. जीभ शाबूत आहे, तरी दिवसभरात हो, नाही आणि चहा एवढेच शब्द बाहेर पडतात. मला भीती वाटते रे. हात गेला तर मी भरवीन, पण हा माणूस असा खुर्चीत बसल्या बसल्या विझत गेलेला मला बघवणार नाही.

समोरच्या भिंतीवर त्यांच्या रणगाड्याचा फोटो आहे ना, युद्धात ते ज्याचे ड्रायव्हर होते तो? दिवसभर त्याकडे बघत असतात. तुझ्या खेळण्यांना मी जे जे बोलले ते मागे घेते. हा रणगाडा त्यांना करून दे. निदान हातात घेऊन बघतील.

मूळ रणगाडा तुला पुस्तकात मिळेल, पण ह्यांच्या तुकडीने वर्कशॉपमध्ये त्याला स्वतःचं जोडकाम केलं होतं. फोटो खाली उतरवू देत नाहीत, म्हणून मी स्टुलावर चढून बघितलं. फोटो अगदी समोरून काढलाय. डावीकडे पाण्याच्या कॅनसाठी लोखंडी कठडा, त्याच्यामागे अवजारांची पेटी. दिवा एकच, तोही डावीकडे, जाळीत. उजवीकडचा फुटलेला आहे. मी तीस वर्षं भूगोल शिकवलाय, दिशांची काळजी करू नकोस.

जिवाला जप आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
ताई


दि. २ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

सोबतच्या खोक्यात रणगाडा आहे. खेळातल्यापेक्षा मोठा केलाय, तळहातभर, म्हणजे भाऊजींना चष्मा शोधायला नको. कठडा, पेटी, जाळीतला एकटा दिवा, सगळं तू लिहिलंस तसं. आधी काळा थर दिला, त्यावर हिरवा, खाचांतून पातळ तपकिरी सोडला आणि कोरड्या ब्रशने कडा उजळल्या. रंग लवकर वाळावा म्हणून तुझ्या भावजयीचं केस वाळवायचं यंत्र वापरलं, त्याबद्दल घरात वेगळं युद्ध चालू आहे.

वाटेत काही निखळलं तर असावा म्हणून गोंदाची नळी ठेवली आहे. लागणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून एक बिनचूक वस्तू झाली आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

भाऊजींना नमस्कार. तुझी माया अशीच राहो, आणि शक्य तर जरा वाढो.

तुझा
धाकटा


दि. ९ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद, पण आज थोडे कमी.

तू काय करून ठेवलंस? खोकं उघडून मी रणगाडा ह्यांच्यापुढे ठेवला. दोन मिनिटं बघत राहिले. मग विचारलं, हा कोणत्या गाढवाने केला. तुमच्या मेहुण्याने, असं मी म्हटल्यावर म्हणाले, तरीच.

कठडा, पेटी, दिवा, सगळं उलट्या बाजूला आहे! त्या बाजूला धुराचं नळकांडं होतं म्हणे. तिथे पाण्याचे कॅन ठेवून आम्ही काय उकळतं पाणी पीत होतो का, असं त्यांनी मला विचारलं, जसं काही मीच ते ठेवले. पुढे पंधरा मिनिटं तुझा उद्धार चालू होता. चार महिन्यांत त्यांचे इतके शब्द मी ऐकले नव्हते, त्यामुळे रागवावं की पेढे वाटावेत ते मला कळेना. शेवटी रणगाड्याचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं आणि पुन्हा गप्प झाले.

मी स्वच्छ अक्षरात डावीकडे लिहिलं होतं. खुलासा कर.

रागावले असले तरी तुझीच
ताई


दि. १३ मार्च

ती. ताईस खाली मान घालून सा. न. वि. वि.

खुलासा असा. आमच्या धंद्यात समोर नेहमी एक उघडं तोंड असतं, प्लास्टरचं का होईना. त्यात डावं म्हणजे पेशंटचं डावं, म्हणजे आपल्याला दिसायला उजवीकडचं. कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मालकाने टपली मारून हे माझ्या डोक्यात बसवलं होतं, ते तिथून हललेलं नाही. तू फोटोसमोर उभी राहून तुझ्या डावीकडचं लिहिलंस. मी रणगाड्याला पेशंट समजलो आणि त्याच्या डावीकडे बसवलं. एवढ्या मोठ्या लोखंडी यंत्राला मी तोंड उघडायला लावलं, आता बोल.

लाजेने मेल्यासारखं झालंय. आजारी माणसाला हातात धरायला एक वस्तू हवी होती, तीही मला सरळ करता आली नाही. बरोबर बाजूंचा आराखडा काल रात्रीच यंत्रात घातला, चार दिवसांत पाठवतो. तोवर जुना कचऱ्यात टाक आणि भाऊजींना सांग, शिव्या पोचल्या.

क्षमा असावी, आणि जमल्यास लोभही.

तुझा
धाकटा


दि. १६ मार्च

चि. धाकट्यास अनेक, अनेक आशीर्वाद.

बरोबर रणगाडा अजिबात पाठवू नकोस! पाठवला असशील तर पोस्टात जाऊन परत घे.

काल दुपारी बाजारातून आले तर हे टेबलाशी बसलेले. रणगाडा डाव्या तळव्यात ठेवलाय आणि उजव्या हाताने माझी भाजीची सुरी घेऊन तुझा कठडा उचकटताहेत. रणगाडा घसरायला लागला की डावी बोटं मिटायची. घट्ट नाही, पण मिटायची, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी पिशवी घेऊन दारातच उभी राहिले आणि आवाज न करता रडले. मग त्यांनी तुझा गोंद काढला. कठडा डाव्या हाताने धरून बसवायला गेले, तो अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटली. अर्धा तास हात साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून बसवलं. व्यायामवाली मुलगी आली ती हसत सुटली, म्हणाली, चिमटीत काही धरायचं त्यांनी पहिल्यांदाच मनावर घेतलंय.

तिचं आणि माझं ठरलंय. तू चुकीचे रणगाडे कर. एक संपला की दुसरा, प्रत्येकात नव्या चुका, आणि चुकलेले भाग चिमटीत येतील एवढे. ह्यांना संशय येता कामा नये, पण त्याची मला काळजी नाही. तुझ्याबद्दल त्यांचं मत आधीपासूनच पक्कं आहे.

तुझ्या गाढवपणाला दृष्ट न लागो.

तुझी
ताई


दि. ५ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

दुसरा आणि तिसरा पोचला असेल, चौथा सोबत आहे. आजवर चुका मला आपोआप सुचत होत्या, आता मागणीप्रमाणे करायच्या म्हणजे डोकं शिणतं. झाकणाची बिजागरी उलटी लावायला मी दोन संध्याकाळी घेतल्या. सवयीने ती सरळच लागायची! दोऱ्या अडकवायचे हूक तळाला लावलेत, मागचा दिवा पुढे आणलाय. क्रमांक खाली डोकं वर पाय रंगवलाय, तो खरवडून पुन्हा लिहायला ब्रश धरावा लागेल. व्यायामवालीने हव्या त्या जाडीची यादी धाडली होती, त्याप्रमाणे एकेक भाग बारीक करत नेलाय. तुझी भावजय विचारते, एवढी अक्कल लावून चुकता येतं तर शनिवारी तिचा थोडा उपयोग का करत नाही? चष्मेवाल्याने काल पुन्हा झोपवलं.

एक लिहायचं होतं. तुमच्या लग्नाच्या वेळी मी नऊ वर्षांचा होतो आणि भाऊजींना टरकून असायचो. सायकलची निसटलेली साखळी बसवायला त्यांनीच मला शिकवलं, डाव्या हाताने, एक शब्द न बोलता. हाताने काही करण्यात मजा असते हे मला तेव्हा कळलं. कवळ्या काय, रणगाडे काय, सगळं तिथून आलं. तो हात परत यावा, ताई. त्यासाठी त्यांनी मला जन्मभर गाढव म्हटलं तरी चालेल.

दोघांची कृपा असू द्यावी.

तुझा
धाकटा


दि. २ मे

चि. धाकट्यास अ. उ. आ.

पाचवा आणि सहावा एकदम मिळाले. सहाव्यात तू फारच सुटलायस, तरी ह्यांनी नेहमीसारख्या शिव्या दिल्या आणि कामाला लागले. सदऱ्याची वरची दोन बटणं आता स्वतः लावतात. कप डाव्या हाताने उचलतात, सांडतो, पण उचलतात. मी दाराआडून बघते आणि समोर गेले की काही न पाहिल्यासारखं करते.

पेन मात्र धरत नाहीत. मी कागद पुढे ठेवला तर सरकवून देतात. वेडंवाकडं अक्षर कोणी बघू नये असं वाटत असेल. दहा तारखेला सहा महिने पुरे होतील. डॉक्टर म्हणतात एवढं आलं हेच पुष्कळ, पण मी हावरट झालेय.

तुझ्यावरची माया आता मोजण्यापलीकडे गेली आहे, फार चढून जाऊ नकोस.

तुझी
ताई


दि. ९ मे

मेहुणेबुवांस आशीर्वाद.

हे मी डाव्या हाताने लिहितोय. चार दिवस लागले. अक्षराला हसू नये.

पहिला रणगाडा उलटा झाला तो तुझा मूर्खपणा. दुसराही मी तुझ्या नावावर घातला. तिसऱ्याला शंका आली. सहाव्यात तू तोफ मागच्या बाजूला लावलीस आणि एका अंगाला सहा चाकं, दुसऱ्याला पाच. इतका मूर्ख माणूस चौतीस वर्षं लोकांच्या तोंडात दात बसवू शकत नाही, त्याला पहिल्याच वर्षी कोणीतरी चावलं असतं.

मला कळलंय हे तुझ्या ताईला सांगितलेलं नाही. ती दाराआडून बघते. तिला फार आनंद होतो, म्हणून मी जोरात शिव्या देतो. हे पत्र शेजाऱ्याकडून पोस्टात टाकतोय.

तू केलंस ते मी विसरणार नाही. तोंडाने मला हे बोलता येणार नाही, म्हणून लिहिलं.

चुकीचे दोन-तीन पाठवत राहा, तिच्यासाठी. आणि एक बरोबर पाठव, माझ्यासाठी. त्याला रंग देऊ नकोस. रंग मी देणार.

भाऊजी