डावा तळहात

लातूर,
१८ एप्रिल १९८८

तीर्थस्वरूप मलप्पामामा यांना,
भाची शिवकांताचे शरणार्थ.

पत्रास कारण की, तुम्ही आईकडून पाठवलेला 'सोडून दे' हा निरोप पोचला. आई मुदखेडहून खास त्यासाठी आली, उन्हातान्हात, दोन गाड्या बदलून. तिची तब्येत ठीक आहे, गुडघे तेवढे धरतात. इकडे पाण्याचे हाल आहेत. आमच्या गल्लीत टँकर येतो म्हणतात, पण तो दिसतो कमी आणि ऐकू जास्त येतो. उदगीरला तुमच्या आडात पाणी टिकून असेलच. मागच्या दुष्काळातही होतं, मला चांगलं आठवतं, कारण ते मीच शेंदत होते.

गुरम्मामामींना नमस्कार. त्यांची आठवण मला रोज येते.

नव्या जिल्ह्याच्या बालगृहाच्या समितीवर तुमची निवड झाली, त्याबद्दल अभिनंदन करायचं राहून गेलं होतं. सत्काराचं भाषण मी मागच्या रांगेत बसून ऐकलं. "बहात्तरच्या दुष्काळात बहिणीची लेक घरी आणली, पोटच्या पोरीसारखी वाढवली, आज ती याच खात्यात अधिकारी हाय," असं तुम्ही म्हणालात आणि टाळ्या पडल्या. मामा, लातूर जिल्हा झाला हे तुम्हाला फार मानवलं. हार मिळाले, खुर्ची मिळाली. पण एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली नाही. पूर्वी उस्मानाबादच्या साहेबाला उदगीर लांब पडायचं, कोणी फिरकत नव्हतं. आता सकाळच्या एसटीनं निघालं की मी जेवणाच्या आत तुमच्या दारात.

तशीच आले त्या दिवशी. रुद्राणी नावाची पोरगी शाळेत येईनाशी झाली, म्हणून तिच्या बाईंनी कळवलं होतं. पत्ता वाचला आणि खरं सांगते, मला आनंद झाला. मुंबईला बालकल्याण हा खास विषय घेऊन शिकले, तेव्हा आमच्या बाई सांगायच्या की गृहभेटीला जाताना स्वतःचा राग चपलांसारखा दाराबाहेर काढून ठेवायचा. मी चपला काढल्या. राग पायातच राहिला.

मामींनी चहा केला. पोरीला नवं परकर-पोलकं घातलेलं होतं, घडीच्या रेघासुद्धा मोडलेल्या नव्हत्या. "लांबच्या नात्यातली हाय. मायबाप उसाला गेले, म्हणून ठिवून घेतली. आमची लेकच समजा," असं तुम्ही म्हणालात. हे वाक्य मला तोंडपाठ आहे.

आणि तिथं मामी चुकल्या. गप्प बसल्या असत्या तर मला फार काही मिळालं नसतं, कारण पोरगी घट्ट ओठ मिटून बसली होती. पण त्यांना राहवलं नाही. म्हणाल्या, "लई गुणाची हाय. लिंगपूजा केल्याबिगर पाण्याचा घोट घेत न्हाई."

मी म्हटलं, "हो का गं? मग आज माझ्यासमोर कर ना पूजा."

रुद्राणीनं गळ्यातली डबी उघडली, लिंग काढलं आणि उजव्या तळहातावर ठेवलं.

आपल्या लिंगायत घरात चालायला लागलेलं लेकरूही लिंग डाव्या हातावर घेतं, मामा. मामी ओरडल्या, "डाव्या हातात गं, येडे!" पोरीनं डावी मूठ आणखी आवळली, परकराच्या घडीत लपवली. तुम्ही खिडकीबाहेर बघायला लागलात. माझ्या वेळीही तुम्ही तसेच बघायचात.

मी तिला काही विचारलं नाही. शेजारी बसले आणि माझा डावा हात उघडून तिच्यापुढे धरला. तिनं बराच वेळ माझ्या तळव्यावरच्या जुन्या डागाकडं बघितलं. मग तिची मूठ हळूहळू उघडली. तळव्यावरची जखम अजून ओली होती.

त्याच दिवशी तिला घेऊन लातूरला आले. दवाखान्यात मलमपट्टी झाली आणि ती बालगृहात गेली. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही साहेबांकडे धावलात. पोरगी नात्यातली आहे, अधिकारी जुना सूड काढते, तिच्याकडून प्रकरण काढा आणि पोरीला आमच्या घरी परत धाडा, असं सांगितलंत. आता गुरुवारी बालकल्याण मंडळापुढं ते ठरायचं आहे, आणि माझ्या कचेरीतल्या पंचशीलाबाईंकडे काम गेलं म्हणून तुम्ही निर्धास्त आहात. अर्धापूरच्या, आपल्यातल्या नसलेल्या बाईला लिंग कुठल्या हातात धरतात ते काय कळणार, असं तुम्ही आईला म्हणालात म्हणे.

मामा, तुमची धावपळ वाया गेली. माझ्याकडून प्रकरण काढा, हे मी आल्या दिवशीच लिहून दिलं होतं. कारणही तुम्ही सांगितलंत तेच लिहिलं. माझा या घराशी संबंध आहे आणि माझ्या मनात राग आहे. तो आहेच. सूड घ्यायचा आहे, हे मी तुम्हालाही लिहून देते, लपवायचं काय त्यात? पण रागानं लिहिलेला अहवाल वकील एका फटक्यात उडवतो आणि मूल परत त्याच घरी जातं. मला ते नको होतं. तिच्याशी आता पंचशीलाबाईच बोलतात. मी तिला भेटायलाही जात नाही, आणि ते मला फार जड जातं.

तिनं कारण अजून सांगितलेलं नाही. पंचशीलाबाईही विचारणार नाहीत. कारण विचारलं की मूल स्वतःचाच गुन्हा सांगायला लागतं. मीही इतकी वर्षं तेच करत आले. एक घागर सांडली होती माझ्या हातून. दुष्काळात घागर सांडली, मग दुसरं काय होणार, असं मी स्वतःलाच समजावत होते. मी नऊ वर्षांची होते, मामा, आणि घागर माझ्या कमरेपेक्षा रुंद होती.

आईला हे काहीच माहीत नव्हतं. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली होती तुमच्यावर भरवसा ठेवून. परवा ती म्हणाली, "भाऊ हाय माझा. एवढ्या बारीला सोडून दे न्हाई का."

मी हात पुढं केला. "हा डाग कशाचा, आई?"

"तव्याचा. भाकरी करताना हात पडला म्हणून गुरम्मानं सांगितलं हुतं."

"चुकून तवा लागला तर बोटं भाजतात. लेकरू झटक्यानं हात मागं घेतं. तळव्याच्या मधोमध असा डाग उठायला कुणीतरी हात धरून ठेवावा लागतो."

आईनं माझा तळवा स्वतःच्या मांडीवर घेतला. मग विचारलं, "मलप्पा कुठं हुता तवा?"

मी सांगितलं, की मामा ओट्यावर सुपारी कातरत होता.

तिनं तुमच्याकडून आणलेली कापडाची पिशवी, मला दिलेल्या लुगड्यासकट, बाहेर दारात नेऊन ठेवली. ती अजून तिथंच आहे. आणि मला म्हणाली, "गुरुवारी मला बी यायचंय."

तर निरोपाचं उत्तर असं. अधिकारी म्हणून मी बाजूला झाले, म्हणूनच आता मला साक्षीदार म्हणून उभं राहता येतं. मंडळानं मला बोलावलंय. तुम्ही भर सभेत सांगितलंत ना, की मी तुमच्या घरी पोटच्या पोरीसारखी वाढले? तेच मी तिथं पहिल्यांदा सांगणार आहे, तुमच्याच शब्दांत, आणि मग हात उघडणार आहे. समितीचे सभासद म्हणून तुमची खुर्ची पुढच्याच रांगेत असेल, नीट दिसेल. त्या खोलीला खिडकी नाही.

मामींना नक्की आणा.

तुमच्याच घरात वाढलेली,
शिवकांता